आठ नंबरचे बूट

शद्रखचे बूट आठ नंबरचे, माझा पाय सात.
पुढे कापूस कोंबून घालतो.
कापसाची वानवा नाही आमच्याकडे,
तीस वर्षं मिरजेच्या मिशन इस्पितळात ड्रेसर होतो,
निळ्या कागदातलं एक बंडल अजून कपाटात आहे.

स्मरणाच्या उपासनेनंतर
मार्थाबाईंनी खोक्यासकट हातात दिले.
"दोनदाच घातलेत, भावजी.
डॉक्टरांनी चाला म्हटलं त्या दिवशी
आणि दुसऱ्या दिवशी."

शद्रख आमचा खर्ज.
तो गात असला की बाकावर तळहात ठेवायचा,
लाकडातून कळायचं.
तंबोऱ्यांच्या गल्लीतले अब्बास चाचा
देवळाबाहेर सायकल थांबवून ऐकायचे, म्हणायचे,
हा भोपळा चांगला वाळलेला आहे.
पोटही तसंच होतं. आम्ही हसायचो.
तोही हसायचा, पोटावर वाजवून दाखवायचा.

साखर साडेतीनशे.
प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांत दर रविवारी एक त्याची.
तो डोळे मिटून आमेन म्हणायचा,
आणि अर्ध्या तासाने संडे स्कूलच्या व्हरांड्यात
मी त्याच्यापुढे गुलाबजामची वाटी धरायचो.
मी. चार नंबरच्या वॉर्डात
काळे पडलेले किती अंगठे धुतले
याचा हिशोब ज्याने ठेवला नाही, तो मी.

घंटेचा दोर ओढताना एकदा धाप लागून खाली बसला.
"गोळी घेतली तर विश्वास कमी पडला
असं होतं का रे, ओबेद?"
मी म्हटलं, पाळकांना विचार.
पाळक म्हणाले, डॉक्टरांना विचार.
डॉक्टर म्हणाले, चाला.

आता आम्ही चालतो. चौघं.
मी, योहान मास्तर, रिटायर गार्ड सिलास,
आणि नवे पाळकसाहेब, वय एकतीस, पोट पन्नाशीचं.
साडेपाचला स्टेशनमागून निघून कृष्णाघाटाच्या रस्त्याला.
सिलास अजून मालगाडीच्या वेगाने चालतो
आणि प्रत्येक वळणावर मागे वळून बघतो
सगळे डबे आहेत का.
पहिल्या मैलात स्तोत्र म्हणायचं असं ठरलं होतं.
दम पुरत नाही. तिसऱ्या ओळीला
देवाला नुसताच श्वास ऐकू जातो.
तो चालत असावा त्याला.

व्हरांड्यात आता मोड आलेली मटकी असते.
मंडळीत कुरकुर झालीच,
मिसरातल्या हंड्या आठवणाऱ्यांची होती तशी.
वेस्ट्रीत पहिल्या रविवारी बी.पी.चं मशीन लावतात.
नर्सिंगची पोर, सिलासचीच नात, म्हणाली,
"आजोबा, बाही वर करा."
हजारो दंडांना पट्टा बांधला मी,
आतून कसं आवळतं ते माहीत नव्हतं.
एकशे सत्तर.
मी म्हटलं, मशीन बिघडलंय.
ती काही बोलली नाही. पुन्हा पट्टा बांधला.
एकशे बहात्तर.

तेव्हापासून गोळी. पट्टी शास्त्रातच ठेवतो,
खूण म्हणून. सकाळचा पाठ वाचल्याशिवाय
गोळी सापडत नाही,
आणि गोळी आठवली की पाठ चुकत नाही.
बायको म्हणते, दोघांतलं कुठलं कुणासाठी
हे तुमचं तुम्हाला तरी कळतं का?

परवा बुटात कापूस कमी लागला.
क्षणभर बरं वाटलं,
मित्राच्या मापाला पोचलो म्हणून.
मग खाटेवर बसून मोजे काढले,
घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला.
तसाच राहिला.
ड्रेसरला सांगावं लागत नाही,
या वयात पाय वाढत नाहीत, सुजतात.

आधी चिठ्ठी लिहायला घेतली, रविवारसाठी.
नाव लिहिलं, ओबेद आवळे,
आणि पेन बाजूला ठेवलं.
सोमवार होता. ओ.पी.डी. नऊला उघडते.
ज्या बाकावर लोकांना बसवायचो
त्या बाकावर सव्वातास बसलो, नंबर बावीस.
गोळी बदलून दिली.

आज कापूस पुन्हा पूर्वीइतका लागतो.
चिठ्ठी खिशात आहे.
रविवारी टाकीन.